तिसरा रकाना

इतिवृत्तात मी लिहिलं आहे :
'विषय क्रमांक चार, पाणी. सविस्तर चर्चा झाली.'
सूचक, अनुमोदक, सही, शिक्का.
उरलेलं इथे लिहितो,
या पानाला जावक क्रमांक नाही.

पोडावरचा हातपंप तांबडा होता.
भूजलच्या बोरकुटे मॅडमनी दोन वर्षांमागे
स्वतः ब्रश धरून रंगवलेला.
तांबडा म्हणजे पिऊ नका.
दांड्यावरचा रंग महिन्याभरातच गेला,
जिथे हात लागतात तिथला.
लेतूबाई आत्राम म्हणाली,
"आमाले वाटलं सरकारनं पंप सजवला.
पोरीचं लगनच होतं तवा."

निस्ताने साहेब तालुक्याला नवे.
गाडीतून उतरले, दांडा स्वतः हापसला.
पाणी आलं, थंडगार,
ओंजळीच्या तळाशी रेषा दिसाव्यात इतकं नितळ.
त्यांनी यादी काढली. यादीत दोनच रकाने :
चालू. बंद.
"हा तर चालू आहे," ते म्हणाले.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

मॅडमनी नळीत थेंब टाकले.
गुलाबी औषध पिवळं पडलं,
झितरू हसला की दिसतं तसलं पिवळं.
"तीन पूर्णांक आठ. दीडच्या वर नको."

"मग आणखी खोल बोअर घेऊ.
निधी आहे, मार्चपर्यंत."

मॅडम खाली बसल्या. तुऱ्हाटीने धुळीत रेघा ओढल्या :
ही काळी, हा मुरूम, हा चुनखडक.
"इथलं पाणी तुमच्या-माझ्या खात्यापेक्षा जुनं आहे, सर.
बसल्या जागी खडक चाखत राहिलंय.
खोल जाल तितकं जास्त चाखलेलं."

साहेब उकिडवे बसले, इस्त्रीच्या पँटीसकट.
अकरा वर्षांच्या नोकरीत
मी पहिल्यांदा साहेब जमिनीलगत पाहिला.

"पण लिहू काय? बंद लिहिलं
तर मेकॅनिक येऊन दुरुस्त करून जाईल.
चालू लिहिलं तर पोड नळयोजनेत बसत नाही."
"चालूवर मी सही करणार नाही."
दोघंही बरोबर होते,
म्हणून बराच वेळ कुणी बोललं नाही.
एक कोंबडी मुरमावरून चुनखडकात गेली.

लेतूबाईचे गुडघे आता वाकत नाहीत,
ती अख्खीच वळते, दारासारखी.
वळली अन् म्हणाली,
"वायलं घर करा न त्या कागदात.
लेकरू चालते बी, अन् बिमार बी असते.
तसंच हाय हे."
"हौ," नाईक म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पट्टी नव्हती.
झितरूनं दप्तरातून दिली.
जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी रेघ मारली,
बॉनेट तापलेलं, रेघ तिरकी आली.

वर नाव काय द्यायचं, यात पाऊण तास.
'दूषित' मॅडमना चालेना :
कुणी घाण केली नाही, खडकाचंच आहे.
'घातक' साहेबांना : वरून विचारणा होते.
शेवटी ठरलं, 'चालू, पिण्यास नाही'.
त्यातल्या स्वल्पविरामाखाली
दोघांच्या सह्या आहेत.

परतताना मॅडमनी नाल्याकाठची जुनी विहीर दाखवली,
उथळ, पळसाच्या पानांनी बुजलेली.
तिच्या पाण्यात औषध गुलाबीच राहिलं.
मार्चचा निधी गाळ काढायला वळवला.
गाळ निघतोय.
अजून निघतोच आहे.

यादी जिल्ह्यातून परत आली :
'विहित नमुन्यात फेरबदल करू नये.'
साहेबांनी मॅडमचं पत्र जोडून तीच पुन्हा पाठवली,
तिरक्या रेघेसकट.
दुसऱ्यांदा परत आलेली नाही.
मंजूर झाली असंही कुणी कळवलेलं नाही.

काल शेजारच्या तालुक्यातल्या ग्रामसेवकाचा फोन,
"भाऊ, तो रकाना किती सेंटीमीटरचा ठेवला?"
मला सांगता येईना.
झितरूच्या पट्टीवरचे आकडे
दोनच्या पुढे पुसले आहेत.